चिप टोचली, पण नोंद कुणाच्या नावावर आहे?

संपादक महोदय,

पाळीव कुत्र्यामांजरांना ओळखीसाठी मायक्रोचिप बसवावी का, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. मात्र चिप बसवून घेणाऱ्या बऱ्याच जणांची समजूत अशी असते की सुई टोचली, काम झाले. जनावर हरवले तरी आता सापडेलच. हे पत्र त्या समजुतीविषयी आहे. चिप म्हणजे एक आकडा, इतकेच. त्या आकड्यापुढे चालू फोन नंबर नसेल, किंवा जनावर ज्यांच्या हाती लागले त्यांनी स्कॅनर नीट फिरवला नसेल, तर मानेत चिप असूनही कुत्रा घरी पोहोचत नाही. आम्ही चिप बसवणारे पशुवैद्यक आणि हरवलेल्या जनावरांच्या निवाऱ्यात ती वाचणारे कर्मचारी आहोत. ही सोय नेमकी कुठे फसते, ते वाचकांपुढे तपशिलाने मांडावे असे आम्हाला वाटते.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची बंद कुपी. नेहमीच्या आकाराची चिप साधारण 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड असते. लहान आकाराची 8 मिलिमीटर लांब आणि 1.4 मिलिमीटर जाड. आत फेराइटच्या बारीक कांडीवर गुंडाळलेली तांब्याची तार आणि क्रमांक साठवणारा इलेक्ट्रॉनिक तुकडा. बॅटरी नाही. स्कॅनर जवळ आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या गुंडाळीत वीज तयार होते, तेवढ्या बळावर चिप आपला क्रमांक परत पाठवते, आणि स्कॅनर दूर गेला की पुन्हा निष्क्रिय होते. म्हणून ती चार्ज करावी लागत नाही आणि सहसा जनावराच्या आयुष्यभर पुरते. म्हणूनच ती जनावर कुठे आहे हेही सांगू शकत नाही. जीपीएसचे यंत्र वेगळे: त्याला बॅटरी लागते आणि ते पट्ट्याला बांधावे लागते. चिप मात्र हातातला स्कॅनर अगदी अंगाजवळ नेल्याशिवाय वाचता येत नाही. मालकाचे नाव, पत्ता, फोन यांतले काहीही चिपमध्ये नसते. ते सगळे एखाद्या कंपनीने किंवा संस्थेने वेगळ्या ठेवलेल्या नोंदणी यादीत असते, आणि तिथूनच अडचणींना सुरुवात होते.

क्रमांकाची रचना समजून घेतली तर पुढच्या पुष्कळ चुका टळतात. आयएसओ 11784 आणि 11785 या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार बनवलेली चिप 134.2 किलोहर्ट्झ या वारंवारितेवर वाचली जाते आणि तिचा क्रमांक 15 आकडी असतो. पहिले तीन आकडे देशाचे तरी असतात किंवा उत्पादकाचे तरी. 900 ते 998 हे आकडे उत्पादकांसाठी आहेत. 999 ने सुरू होणारा क्रमांक चाचणीसाठी राखलेला असतो, तो कोणत्याही जनावरात टोचायचा नसतो. याखेरीज 125 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या, 9 किंवा 10 आकडी क्रमांकाच्या जुन्या चिपही काही जनावरांत असतात. फक्त 134.2 वर चालणाऱ्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत. निवाऱ्यासाठी स्कॅनर घेताना तो सगळ्या प्रचलित वारंवारितांवर वाचतो का, हे विचारलेच पाहिजे.

चिप क्रमांकासोबत पडताळणीचे 16 बिटही पाठवते. ते जुळले नाहीत तर स्कॅनर काहीच दाखवत नाही. त्यामुळे यंत्राने चुकीचा क्रमांक दाखवण्याची शक्यता नगण्य असते. चूक होते ती माणसाच्या हातून, क्रमांक उतरवून घेताना. पंधरा आकडे वाचून दाखवायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, यात दोन आकडे मागेपुढे व्हायला वेळ लागत नाही. प्रत्येक चिपच्या पाकिटात बारकोडच्या चिकटपट्ट्या येतात त्या याचसाठी: एक लसीकरण पुस्तिकेत, एक दवाखान्याच्या नोंदवहीत, एक नोंदणी अर्जावर. हाताने लिहू नये. संगणकावरच्या तक्त्यात क्रमांक भरणाऱ्यांनी तो रकाना आधी ‘मजकूर’ या प्रकारात बदलून घ्यावा. नाहीतर तक्ता त्या क्रमांकाला मोठी संख्या समजून घातांकाच्या रूपात दाखवतो, आणि ती फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. एका शिबिरातल्या शंभर जनावरांच्या नोंदी अशा एका फटक्यात निकामी होऊ शकतात.

आता नोंदणी. अमेरिकेतल्या निवाऱ्यांत आलेल्या, चिप असलेल्या सात हजारांहून अधिक जनावरांचा अभ्यास 2009 मध्ये तिथल्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या निवाऱ्यांत आलेल्या, मोकाट सापडलेल्या कुत्र्यांपैकी एकूण सुमारे 22 टक्के घरी परतले, तर चिप असलेल्यांपैकी सुमारे 52 टक्के. मांजरांच्या बाबतीत फरक आणखी मोठा: एकूण 2 टक्क्यांपेक्षाही कमी, आणि चिप असलेल्यांत सुमारे 38 टक्के. चिपचा उपयोग आहे की नाही, याचे उत्तर या आकड्यांत आले. पण त्याच अभ्यासातला दुसरा भाग अधिक वाचला जायला हवा. चिप असूनही ज्यांचे मालक मिळाले नाहीत, त्यांत सर्वांत मोठे कारण, सुमारे 35 टक्के, चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर हे होते. काहींची चिप एका कंपनीची आणि नोंद भलत्याच यादीत होती. काहींची नोंदच नव्हती.

हे कसे घडते? चिप टोचणे आणि नोंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. दवाखान्यात चिप बसते, अर्ज मालकाच्या हाती दिला जातो, तो पुस्तिकेत घडी घालून राहतो. कधी पैदास करणारा स्वतःच्या नावावर चिप नोंदवतो आणि पिल्लू देताना हस्तांतर करत नाही; मग हरवलेल्या कुत्र्यासाठी पहिला फोन त्याच्याकडे जातो आणि त्याला पिल्लू कुणाला दिले ते आठवत नाही. निवाऱ्यातून दत्तक दिलेल्या मांजरांचे असेच होते. घर बदलले, नंबर बदलला, जनावर नातेवाइकांकडे गेले, मालक वारले: या प्रत्येक वेळी नोंद बदलावी लागते, आणि ती आपोआप बदलत नाही.

जिथे नोंदणी याद्या अनेक आहेत तिथे आणखी एक प्रश्न येतो: क्रमांक मिळाला, पण तो कुठल्या यादीत शोधायचा? पहिल्या तीन आकड्यांवरून उत्पादक कळतो, यादी कळेलच असे नाही. काही देशांत एकाच जागी क्रमांक टाकून तो कोणत्या यादीत आहे एवढे सांगणारी शोधसेवा आहे, पण तिला जोडलेल्या याद्यांपुरतीच ती चालते. शिवाय यादी चालवणारी संस्था टिकली पाहिजे. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेतली एक नोंदणी कंपनी अचानक बंद पडली आणि तिच्या यादीतल्या जनावरांच्या मालकांना दुसरीकडे पुन्हा नोंद करावी लागली. चिप अंगात तशीच होती, क्रमांकही वाचता येत होता. तो क्रमांक कुणाचा, हे सांगणारे कुणी उरले नव्हते. म्हणून दरवर्षी लसीच्या दिवशी तीन गोष्टी तपासाव्यात असा आमचा आग्रह आहे. चिप स्कॅनरवर दिसते का; पुस्तिकेतला क्रमांक तोच आहे का; आणि तो क्रमांक यादीत शोधल्यावर आजचा फोन नंबर निघतो का. पाच मिनिटांचे काम आहे. नोंदीत दुसरा संपर्कही द्यावा, आणि तो शक्यतो वेगळ्या घरातल्या माणसाचा. पूर, आग, अपघात अशा वेळी एका घरातले सगळे फोन एकदम बंद असू शकतात, आणि जनावरे हरवतात तीही नेमकी अशाच वेळी.

कायदा करणाऱ्यांनीही नोंदीकडे पाहावे. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2016 पासून कुत्र्यांना आणि 10 जून 2024 पासून मांजरांना चिप सक्तीची आहे; कुत्र्याला 8 आठवड्यांचा होण्याआधी, मांजराला 20 आठवड्यांचे होण्याआधी. तिथल्या नियमात चिप असणे आणि नोंद अद्ययावत असणे ही एकच जबाबदारी मानली आहे, आणि त्रुटी आढळल्यास ती दूर करायला 21 दिवसांची मुदत मिळते. नुसते ‘इतक्या जनावरांना चिप बसवल्या’ असे सांगणाऱ्या मोहिमांना आम्ही एवढेच विचारू: त्यांपैकी किती क्रमांकांवर आज फोन लागतो?

चिप बसवण्याच्या कृतीत शिकण्यासारखे थोडेच आहे, पण ते चुकवून चालत नाही. सर्वांत आधी जनावर स्कॅन करायचे, कारण चिप आधीच असू शकते. दोन चिप जवळजवळ आल्या तर एकमेकींच्या वाचनात अडथळा आणतात, किंवा स्कॅनर एकच दाखवतो आणि दुसरी, जिच्यावर खरी नोंद आहे, ती लपून राहते. दुसरी चिप घालावीच लागली तर दोन्ही क्रमांक पुस्तिकेत आणि नोंदणीतही लिहावेत. मग नवी चिप पाकिटातच स्कॅन करून क्रमांक चिकटपट्टीशी जुळवायचा आणि निर्जंतुक पाकिटाची मुदत पाहायची. जागा म्हणजे दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडांच्या, मधोमध, कातडीखाली. युरोपातल्या अनेक देशांत मानेची डावी बाजू. कातडीची घडी वर उचलायची, सुई पाठकण्याला समांतर दिशेने घडीत घालायची, दट्ट्या शेवटपर्यंत दाबायचा, आणि सुई काढताना त्या छिद्रावर अंगठा ठेवायचा. हा अंगठा विसरला की चिप सुईबरोबर मागे येते आणि दाट केसांत अडकून राहते. तेव्हा स्कॅनर वाजतो, सगळ्यांचे समाधान होते, आणि घरी जाताना चिप रस्त्यात पडते. म्हणून टोचल्यानंतरचे स्कॅन करण्याआधी केस बाजूला करून पाहावे. सुई लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, हे मालकाला आधीच सांगितलेले बरे. दुखते, पण क्षणभर; भूल लागत नाही. अगदी लहान पिल्लू किंवा नाजूक मांजर असेल तर लहान आकाराची चिप घ्यावी, किंवा नसबंदीच्या शस्त्रक्रियेत भूल दिलेली असतानाच काम उरकावे.

पुढचा एक दिवस ती जागा चोळू नये, आंघोळ घालू नये, झोंबाझोंबीचे खेळ टाळावेत. चिपभोवती शरीर हळूहळू तंतूंचे पातळ आवरण तयार करते आणि ती जागी बसते. त्याआधी ती सरकण्याची शक्यता जास्त. सरकलेली चिप खांद्यावर, छातीच्या बाजूला, पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतही सापडते. त्याने जनावराला सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो शोधणाऱ्याला, तोही फक्त मानगुटीवर स्कॅनर फिरवून थांबणाऱ्याला.

यावर आम्हाला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘चिप नाही’ असा शेरा मारलेल्या जनावरात चिप असणे याहून वाईट चूक नाही. त्या शेऱ्यावर पुढचे सगळे ठरते: जनावर दत्तक दिले जाते, दुसऱ्या गावी पाठवले जाते, काही ठिकाणी मारलेही जाते. चांगल्या स्कॅनिंगला मिनिटभर पुरते, पण ते मिनिट पूर्ण द्यावे लागते. दिवसाच्या सुरुवातीला स्कॅनर एका माहीत असलेल्या चिपवर तपासावा; बॅटरी उतरलेला स्कॅनर कमी अंतरावरूनच वाचतो आणि तसे सांगत नाही. धातूच्या टेबलावर, संगणकाच्या पडद्याजवळ किंवा मोबाइल शेजारी ठेवून स्कॅन करू नये. धातूच्या कड्यांचा पट्टा काढून ठेवावा, आणि काढण्याआधी त्यावरचा बिल्ला वाचावा. स्कॅनर केसांना टेकेल इतका जवळ धरून सेकंदाला साधारण 15 सेंटिमीटर या वेगाने फिरवावा. अनेक वारंवारितांवर वाचणारा स्कॅनर एका वारंवारितेवरून दुसरीवर आळीपाळीने जातो. हात भराभर फिरला तर नेमक्या चिपवरून जाताना तो दुसऱ्याच वारंवारितेवर असतो. आधी दोन फऱ्यांच्या मधून सुरुवात, मग नागमोडी वळणे घेत पाठीवरून शेपटीकडे, मग आडवे, मग मानेच्या दोन्ही बाजू, खांदे, पुढच्या पायांचे कोपर आणि छाती. मधूनमधून स्कॅनरचा कोन बदलावा. चिपमधली गुंडाळी स्कॅनरच्या गुंडाळीशी कोणत्या दिशेत आहे यावर वाचण्याचे अंतर अवलंबून असते, आणि चुकीच्या दिशेत ते जवळपास शून्यावर येते. लठ्ठ जनावरांत चिप चुकण्याचे प्रमाण अधिक, तिथे दुप्पट वेळ द्यावा. घाबरलेले मांजर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसले असेल तर जाळीतून वाचण्याचा प्रयत्न फोल आहे. शांत झाल्यावर पुन्हा पाहावे. निवाऱ्यात आल्यावर एकदा, तपासणीच्या वेळी एकदा आणि बाहेर जाण्याआधी एकदा, असे तीन वेळा आणि शक्यतो वेगवेगळ्या माणसांनी स्कॅन करावे.

लोकांच्या मनातल्या शंकांना थोडक्यात उत्तर. चिप सतत लहरी सोडत नाही. स्कॅनर समोर असतो तेवढाच वेळ ती काम करते. टोचल्या जागी थोडी सूज किंवा क्वचित पू होऊ शकतो. चिपजवळ गाठ झाल्याच्या काही घटना पशुवैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत, पण त्या मोजक्या आहेत. चिप पाठीच्या कण्यात शिरल्याच्याही अगदी थोड्या नोंदी आहेत. म्हणूनच हे काम शिकलेल्या हाताने, जनावर नीट धरूनच करावे. घरी मागवून स्वतः टोचण्याच्या भानगडीत पडू नये. एमआरआय करता येतो, मात्र चिपच्या आसपासचा भाग चित्रात पुसट किंवा काळा दिसतो, तेव्हा मानेचा एमआरआय असेल तर आधी सांगावे.

परदेशी नेण्यासाठी चिप बसवणाऱ्यांना एक सूचना: क्रम महत्त्वाचा. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रेबीजची लस चिपनंतर किंवा त्याच दिवशी चिप वाचून मग द्यावी लागते. आधी लस आणि नंतर चिप असे झाले तर ती लस कागदोपत्री धरली जात नाही, कारण लस याच जनावराला दिली हे क्रमांकाने सिद्ध होत नाही. मग पुन्हा लस आणि पुढे किमान 21 दिवसांची वाट. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी लागणार असेल, तर तिचेही घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आणि चिप बसवली म्हणून पट्ट्यावरचा बिल्ला काढून टाकू नये. हरवलेला कुत्रा बहुधा आधी शेजारच्या गल्लीतल्या माणसाला दिसतो आणि त्याच्या घरी स्कॅनर नसतो. बिल्ल्यावर फोन नंबर आणि ‘चिप आहे’ एवढे शब्द पुरेत. मांजराला अडकल्यास आपोआप सुटणारा पट्टा घालावा. तो सुटून पडतोच, म्हणून मांजराला चिपची गरज कुत्र्यापेक्षा जास्त. रस्त्यावर मेलेली जनावरे उचलणाऱ्या पथकांकडेही स्कॅनर असावा. चिपला शरीराची ऊर्जा लागत नाही, मृत्यूनंतरही ती वाचता येते, आणि महिनोन्‌महिने शोधत राहणाऱ्या कुटुंबाला निदान खरे काय ते कळते.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. ‘हरवले आहे’ या जाहिरातींत मालक कधी कधी चिपचा पूर्ण क्रमांक छापायला देतात. तो छापू नये. ‘चिप बसवलेली आहे’ एवढेच लिहावे. ‘सापडले आहे’ या जाहिरातीतही क्रमांक देऊ नये. जनावर आपलेच आहे असे सांगत जो येईल त्याच्याकडून 15 आकडी क्रमांक आणि जुनी छायाचित्रे मागावीत, क्रमांक स्कॅनरवर जुळवावा, नोंदणी यादीतल्या नंबरवर स्वतः फोन लावून खात्री करावी, आणि मगच जनावर ताब्यात द्यावे.

आपले,
चिप बसवणारे व वाचणारे काही पशुवैद्यक आणि निवारा कर्मचारी